जमिनीवर आधीचे साठेखत आहे का? ई-सर्च, महाभूमी आणि ई-कोर्ट या सेवांची पारख

जमीन घेण्याआधी सातबारा पाहणारे पुष्कळ असतात, ई-सर्च करणारे त्याहून कमी, आणि ई-कोर्टवर मालकाचे नाव टाकून पाहणारे अगदी थोडे. नोंदवलेले दस्त शोधायची ई-सर्च, सातबारा देणारी महाभूमी आणि खटले शोधायची ई-कोर्ट, या तिन्ही सरकारी सेवा घरबसल्या वापरता येतात आणि जवळजवळ फुकट आहेत. इथे त्यांची पारख एकाच कसोटीवर केली आहे. मालकाने हीच जमीन आधी दुसऱ्या कोणाला साठेखताने, म्हणजे विक्रीच्या कराराने, द्यायचे कबूल केले असेल आणि तो व्यवहार अर्धवट पडला असेल, तर ते आपल्याला पैसे देण्याआधी कळते का? कर्ज, वारस, आरक्षण, रस्ता हे प्रश्न वेगळे आहेत. त्यांना इथे हात घातलेला नाही.

निकाल आधीच सांगायचा तर असा: नोंदवलेले साठेखत ई-सर्चवर सापडते, पण नीट शोधले तरच. सातबाऱ्यावर ते बहुधा नसतेच. कोर्टातला दावा ई-कोर्टवर सापडतो, मात्र गट नंबरने नाही. आणि साध्या विसार पावतीवर, म्हणजे आगाऊ रकमेच्या पावतीवर, झालेला व्यवहार तिन्हींपैकी कुठेच दिसत नाही, तरी त्याच्या जोरावर पहिला खरेदीदार नंतरच्या खरेदीदाराकडून जमीन काढून घेऊ शकतो. हे शेवटचे वाक्य अनेकांना पटत नाही, म्हणून आधी कायदा.

साठेखताने मालकी जात नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ स्पष्ट म्हणते की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हितसंबंध किंवा बोजा निर्माण होत नाही. एवढेच वाचून मालक आणि दलाल सांगतात, "साठेखत काय, नुसता कागद आहे, खरेदीखत तुमच्याच नावाने होणार." पण त्याच कायद्यातले कलम ४० पुढे आहे. करारातून निर्माण झालेली जबाबदारी, तिची माहिती असूनही जमीन घेणाऱ्यावरही बजावता येते. कायद्याने दिलेले उदाहरणच असे आहे: अ ने ब ला सुलतानपूर विकायचे कबूल केले, करार जिवंत असतानाच क ला विकले, क ला कराराची माहिती होती, तर ब ला क विरुद्धही करार बजावून घेता येतो. हेच सूत्र स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, १९६३ च्या कलम १९ (ब) मध्ये आहे. नंतरचा खरेदीदार सुटतो तो तीन गोष्टी एकत्र असतील तरच. त्याने मोबदला दिलेला असावा, तो प्रामाणिकपणे दिलेला असावा, आणि मूळ कराराची त्याला माहिती नसावी. तीनपैकी एक निसटली की संरक्षण गेले. आणि हे सिद्ध करायचा पहिला भार नंतरच्या खरेदीदारावरच येतो.

म्हणून या सेवांचे काम दुहेरी आहे. त्या आधीचा करार शोधून देतात, आणि आपण शोध घेतला होता याचा पुरावाही देतात. उलटही खरे आहे. जे साठेखत ई-सर्चवर पाच मिनिटांत दिसले असते, त्याबद्दल "मला माहीत नव्हते" असे कोर्टात सांगणे फार कठीण जाते. ताबा न देता केलेल्या साठेखताची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे नुसत्या नोंदणीने सर्वांना आपोआप माहिती झाली असे मानायचे का, यावर वकील वाद घालू शकतात. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ मधली 'माहिती'ची व्याख्या तिथेच थांबत नाही. जी चौकशी करायला हवी होती ती जाणूनबुजून टाळली किंवा त्यात घोर हलगर्जी केली, तरी माहिती होती असेच धरले जाते.

ई-सर्च: पाचपैकी साडेतीन

नोंदणी व मुद्रांक विभागाची ही मोफत सेवा आहे. मुंबईसाठी १९८५ पासूनचे आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी २००२ पासूनचे दस्त त्यात शोधता येतात. त्याआधीचे सगळे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातल्या जाड पुस्तकांत. शोध दोन प्रकारे घेता येतो: मिळकतीच्या तपशिलावरून किंवा दस्त क्रमांकावरून. आपल्याला पहिला लागतो. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरायचा. वर्ष एकेक करूनच निवडावे लागते, कॅप्चा पुन्हा पुन्हा मागितला जातो, आणि संध्याकाळी साइट रेंगाळते. वीस वर्षांचा शोध म्हणजे निदान वीस वेळा तोच फॉर्म. कंटाळून शेवटची पाच वर्षे पाहून थांबू नका. परवानगीअभावी दहा-बारा वर्षे लोंबकळलेली साठेखते शेतजमिनीत सर्रास असतात.

चुका होतात त्या मिळकत क्रमांकात. सातबाऱ्यावर गट नंबर ११२/२/अ आहे म्हणून तेवढेच टाकून 'नोंद नाही' आले की लोक खूश होतात. दस्त लिहिताना कोणी ११२/२ अ लिहिले असेल, कोणी ११२ हिस्सा नंबर २, कोणी फक्त ११२. म्हणून आधी मूळ आकडा एकटा टाकावा, मग पोटहिस्सा, मग एकत्रीकरणापूर्वीचा जुना सर्व्हे नंबर, गावठाण किंवा शहर असेल तर सिटी सर्व्हे नंबर, आणि प्लॉट पाडले असतील तर प्लॉट नंबर. मिळालेली प्रत्येक ओळ उघडून पाहावी, कारण एकाच दस्तात पाच गट असले की आपला गट वर्णनाच्या शेवटी दडलेला असतो.

गावाच्या नावाचीही तीच गत. बुद्रुक की खुर्द हे नीट पाहा. गाव महापालिकेत गेले असेल तर ते ग्रामीण यादीत आणि शहरी पर्यायात, दोन्हीकडे शोधा. पुण्याच्या हवेलीसारख्या तालुक्यात सहदुय्यम निबंधकांची डझनाहून अधिक कार्यालये आहेत आणि त्यातल्या कोणत्याही कार्यालयात दस्त नोंदवता येतो. दलाल ज्या कार्यालयात नेहमी जातो त्याच कार्यालयाचा शोध घेऊन अहवाल देणारे महाभाग आहेत. तो अहवाल निरुपयोगी आहे.

शोधात समोर येते ती सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू. ती कशी वाचायची यावर सगळे अवलंबून आहे. वर दस्ताचा प्रकार असतो. 'साठेखत' हा एकच शब्द शोधू नका. 'करारनामा', 'अॅग्रीमेंट टू सेल', 'विकसन करारनामा', 'समजुतीचा करार' या नावांखालीही विक्रीचा करार लपलेला असतो. मोबदला आणि बाजारभाव शेजारी शेजारी असतात. मोबदला फारच कमी दिसला तर तो दस्त मागवून वाचा. देणाऱ्याचे नाव तपासताना सगळ्या सहहिस्सेदारांची नावे आहेत का पाहा. एकाच भावाने साठेखत केले असेल तर त्याच्या हिश्श्यापुरती तरी करारपूर्ती, म्हणजे कराराप्रमाणे खरेदीखत, कोर्टातून मागितली जाऊ शकते.

आणि मग नववा आणि दहावा रकाना. नवव्यात दस्त करून दिल्याची तारीख, दहाव्यात नोंदणीची तारीख. बहुतेक जण या दोन रकान्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २३ प्रमाणे दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला आणता येतो. कलम २५ प्रमाणे दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. आणि कलम ४७ सांगते की नोंदवलेला दस्त नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, करून दिल्याच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे मालकाने १० जानेवारीला दुसऱ्याला खरेदीखत सही करून दिले, ते नोंदवले १५ एप्रिलला. मधे १ मार्चला तुम्ही ई-सर्च केला, काहीच दिसले नाही, खरेदीखत करून त्याच दिवशी नोंदवले. तरी त्याचे खरेदीखत तुमच्या आधीचे ठरते. ई-सर्चचा यात दोष नाही. जे नोंदणीला आलेच नाही ते तो दाखवणार कुठून? पण 'नोंद नाही' या दोन शब्दांचा अर्थ किती मर्यादित आहे हे विभागाने त्या पानावर ठळक लिहायला हवे. साडेतीनचे गुण त्यामुळेच साडेतीन राहिले.

आणखी एक कोपरा ई-सर्चच्या बाहेर राहतो. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये जातात, ते कोणालाही शुल्क भरून पाहता येतात. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे दुसऱ्याला आपल्या वतीने दस्त करायचा अधिकार देणारा कागद, मात्र सहसा पुस्तक क्रमांक ४ मध्ये जाते आणि त्याची नक्कल फक्त त्यातल्या पक्षकारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना मिळते. साठेखताबरोबर पहिल्या खरेदीदाराला कुलमुखत्यारपत्र दिलेले असले तर ते तुम्हाला दिसणार नाही. अशा कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केले आहे. पण त्याच्या जोरावर कोणी परस्पर दस्त करून ठेवला की निस्तरायला वर्षे जातात. मालकाला सरळ विचारा: कोणाला मुखत्यार नेमले होते का, रद्द केले का, कागद दाखवा.

फुकट शोधाची प्रत ही प्रमाणित नक्कल नाही. संशयास्पद ओळ दिसली की दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालय टिपून घ्या आणि दुय्यम निबंधकाकडून पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. सूची दोनमध्ये करारपूर्तीची मुदत नसते, हप्ते नसतात, ताब्याचे कलम नसते, आणि भांडण तर त्यावरच होते. २००२ आधीच्या वर्षांसाठी वकिलाकरवी कार्यालयातला शोध घ्यावाच लागतो. त्याचे शासकीय शोध शुल्क वर्षाला २५ रुपये, म्हणजे तीस वर्षांचे चलन ७५० रुपयांचे. वकिलाची फी वेगळी. अहवाल हातात आला की चलन क्रमांक आणि कोणकोणत्या कार्यालयांत शोध घेतला हे लिहिले आहे का ते आधी पाहा. ते नसेल तर अहवाल परत करा.

महाभूमी: या कामासाठी दोन गुण, पण चावडीसाठी एक वाढवून

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, आठ-अ मिळतो, फेरफार पाहता येतो. मालकाचे नाव आणि क्षेत्र जुळवायला ही उत्तम सेवा आहे. पण साठेखत शोधायला ती बनवलेलीच नाही. फेरफार, म्हणजे महसुली नोंदीतला बदल, होतो तो हक्क बदलल्यावर. साठेखताने हक्क बदलत नाही, म्हणून त्याचा फेरफार सहसा होत नाही. 'इतर अधिकार' रकाना कोरा आहे म्हणून जमीन मोकळी, हा समज सर्वांत महागडा आहे. दुसऱ्या बाजूने, सातबाऱ्यावर आपले नाव चढले म्हणून आपण जिंकलो, हाही समज तितकाच चुकीचा. महसुली नोंद मालकी देत नाही. जमीन महसूल संहितेचे कलम १५७ तिला फक्त 'खरी असेल' असे गृहीतक देते, आणि ते पुराव्याने मोडता येते.

'इतर अधिकार' रकाना मात्र दुसऱ्या कारणासाठी नीट वाचा. 'कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र', भोगवटादार वर्ग २, नवीन शर्त, आदिवासी जमीन, तुकडा अशा शेऱ्यांच्या जमिनीत आधीचे साठेखत अडकून पडलेले असण्याची शक्यता जास्त. परवानगी मिळेपर्यंत खरेदीखत होत नाही, म्हणून लोक साठेखत करून थांबतात, आणि थांबता थांबता भाव चौपट होतो. व्यवहार मोडण्याचे महाराष्ट्रातले हे फार नेहमीचे कारण आहे.

'आपली चावडी' हा भाग मात्र खरोखर उपयोगी. गाव निवडले की हरकतीसाठी लावलेल्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात. हरकतीची मुदत १५ दिवसांची असते. मालकाने नुकतेच दुसऱ्याला खरेदीखत करून दिले असेल आणि सातबारा अजून बदललेला नसेल, तर ते इथे आधी दिसते. व्यवहार ठरल्यापासून खरेदीखतापर्यंत दर आठवड्याला एकदा पाहावे.

ई-कोर्ट: माहिती पक्की, शोधायची वाट अवघड

इथे गट नंबरने शोधता येत नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. पक्षकाराच्या नावाने शोधावे लागते: किमान तीन अक्षरे, वर्ष, आणि खटला चालू की निकाली. मालकाचे नाव प्रतिवादी म्हणून टाकावे. आडनाव आधी आणि नंतर, इंग्रजी स्पेलिंगचे तीन-चार प्रकार, सर्व सहहिस्सेदार, मृत वडिलांचेही नाव. तालुक्याचे कनिष्ठ स्तर न्यायालय आणि वरिष्ठ स्तर न्यायालय, दोन्ही पाहा. मोठ्या रकमेच्या करारपूर्तीचे दावे वरिष्ठ स्तरावर 'स्पेशल सिव्हिल सूट' म्हणून असतात.

'निकाली' दाखवणाऱ्या ओळीवर थांबू नका. पहिल्या खरेदीदाराचा दावा फेटाळला गेला असेल आणि त्याचे अपील चालू असेल, तर वाद जिवंतच आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ चे स्पष्टीकरण दावा दाखल झाल्यापासून हुकूमनाम्याची पूर्ण अंमलबजावणी होईपर्यंत तो प्रलंबित धरते. जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय, दोन्हीकडचे अपील शोधा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. तिथेही नाव टाकून पाहा.

या ठिकाणी महाराष्ट्राचा कायदा इतर राज्यांपेक्षा खरेदीदाराच्या सोयीचा आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असते. इतरत्र दावा दाखल झाला की नंतरचा खरेदीदार निकालाने बांधला जातो, त्याला दाव्याची खबर असो वा नसो. महाराष्ट्र आणि गुजरातेत मात्र १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे, दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यानंतरच कलम ५२ लागू होते. नोटिशीत मालकाचे नाव-पत्ता, मिळकतीचे वर्णन, न्यायालय, दाव्याचे स्वरूप व शीर्षक आणि दाखल तारीख असावी लागते. ही नोटीस सूची दोनमध्ये येते, म्हणून ई-सर्चवर 'लिस पेंडन्स' (दावा प्रलंबित असल्याची नोटीस) प्रकारचा दस्त दिसला की तिथेच थांबायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या टी. जी. अशोक कुमार विरुद्ध गोविंदम्माल या निकालात अनभिज्ञ खरेदीदारांची परवड पाहून, महाराष्ट्राची ही पद्धत देशभर आणावी असे सुचवले होते.

पण नोटीस नोंदवलेली नाही म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे. कलम ५२ सुटले तरी स्पेसिफिक रिलीफ अॅक्टचे कलम १९ (ब) उरतेच. ई-कोर्टवर दावा दिसत असताना जमीन घेतली, तर 'माहिती नव्हती' हा बचाव जातो. आणि जो पहिला खरेदीदार हे वाचत असेल त्याने दावा दाखल केल्याच्या आठवड्यातच ही नोटीस नोंदवावी. वकील विसरतात. मनाई हुकमाचा अर्ज सुनावणीला येईपर्यंत जमीन तिसऱ्याकडे गेलेली असते.

तिन्ही सेवांना न दिसणारे

विसार पावती, नोटरी केलेले साठेखत, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवरचा करार. यातले काहीही नोंदवलेले नसते. तरी नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ चे परंतुक अशा करारावर करारपूर्तीचा दावा करू देते. मुद्रांक कमी असेल तर दंड भरून तो पुराव्यात येतो. याला संगणकात उपाय नाही. उपाय जमिनीवर आहे.

जागेवर जा. मालकाशिवाय जा, आणि दोनदा जा. ताबा कोणाचा, पेरणी कोणी केली, कुंपण कोणी घातले, विहिरीवरची मोटर कोणाच्या नावे आहे, हे शेजारच्या बांधावरच्या माणसाला विचारा. मालकाशिवाय दुसरा कोणी प्रत्यक्ष ताब्यात असेल, तर त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होतीच असे कायदा धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. के. मोहम्मद उबेदुल्ला प्रकरणात हेच लावले: ताब्यातल्या माणसाला नुसता भाडेकरू समजून, तुझा आणखी काही हक्क आहे का हे न विचारणारा खरेदीदार हरला.

वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस द्यावी, चौदा-पंधरा दिवसांची, त्या तालुक्यात खरोखर वाचल्या जाणाऱ्या दैनिकात, गट नंबर आणि चतुःसीमेसह. पण तिची ताकद ओळखून द्यावी. हरकत आली नाही म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. ती तुमच्या प्रामाणिकपणाचा एक पुरावा आहे, एवढेच. आणि हरकत आली, तर ती फाइलमध्ये ठेवून पुढे जाणे सर्वांत वाईट, कारण आता माहिती झाल्याचा लेखी पुरावाच तयार झाला. वर्गणी घेऊन 'टायटल रिपोर्ट' देणारी खासगी पोर्टल्सही याच सरकारी नोंदी एकत्र करून देतात. वेळ वाचतो, पण विसार पावती त्यांनाही दिसत नाही.

जुने साठेखत सापडले, मग ते मेले की जिवंत?

मालक म्हणतो, "ते कधीच रद्द झाले." रद्द झाल्याचा एकच पक्का पुरावा आहे: दोघांच्या सह्यांचा, नोंदवलेला रद्दलेख, आणि विसाराची रक्कम बँकेतून परत गेल्याचा उतारा. मालकाने एकतर्फी पाठवलेली रद्दची नोटीस काही प्रमाणात कामाची आहे. २०१३ च्या आय. एस. सिकंदर निकालानुसार अशी नोटीस मिळालेल्या पहिल्या खरेदीदाराने रद्द करणे बेकायदा असल्याची घोषणा मागायला हवी. पण करारात मालकाला रद्द करायचा अधिकारच दिलेला नसेल, तर त्या नोटिशीवर विसंबणे म्हणजे दुसऱ्याच्या खटल्यात स्वतःचे पैसे घालणे.

दुसरे नेहमीचे उत्तर: "तीन वर्षे उलटली, मुदत संपली." मुदतीच्या कायद्याचे अनुच्छेद ५४ तीन वर्षे देते हे खरे, पण कधीपासून? करारात पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर तिच्यापासून. नसेल तर मालकाने नकार दिल्याचे पहिल्या खरेदीदाराला कळल्यापासून. 'कलम ४३ ची परवानगी मिळाल्यावर दोन महिन्यांत खरेदीखत' असे लिहिले असेल आणि परवानगीच मिळाली नसेल, तर घड्याळ सुरू झाले असे छातीठोक सांगता येत नाही. शिवाय कोविडचा काळ. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. ३१ डिसेंबर २०१८ ही पूर्ततेची तारीख असलेले साठेखत साध्या हिशेबाने २०२१ अखेर संपते. वगळलेला काळ धरला की डिसेंबर २०२३ च्या मध्यापर्यंत दावा मुदतीत बसतो. आणि शेवटच्या दिवशी दाखल झालेला दावा आजही चालू असू शकतो. म्हणून मुदत मोजून झाली तरी ई-कोर्ट पाहायचेच.

दावा होऊन आपण प्रतिवादी झालोच, तर हात बांधलेले नसतात. करार पूर्ण करायची तयारी आणि इच्छा पहिल्या खरेदीदाराकडे सुरुवातीपासून होती, हे त्याला स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम १६ (क) खाली सिद्ध करावे लागते. त्याच्याकडे पैसे होते का, त्याने खरेदीखताची मागणी कधी केली, हे विचारायचा हक्क फक्त मूळ मालकाचा, असे १९९५ च्या एका निकालानंतर मानले जाई. २००० साली राम अवध विरुद्ध अछैबर दुबे या निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदलले. नंतरच्या खरेदीदारालाही हा बचाव घेता येतो. कैफियतीत, म्हणजे कोर्टातल्या लेखी उत्तरात, तो पहिल्याच दिवशी घ्या. आणि हुकूमनामा झाल्यावर पहिल्या खरेदीदाराने उरलेली रक्कम मुदतीत भरली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २८ खाली करार रद्द करून मागता येतो.

हरलो तर काय होते, तेही माहीत असावे. १९५३ च्या लाला दुर्गाप्रसाद विरुद्ध लाला दीपचंद या निकालापासून रीत ठरलेली आहे: दुसरे खरेदीखत रद्द ठरवत बसत नाहीत, मालक आणि दुसरा खरेदीदार या दोघांनी मिळून पहिल्याला खरेदीखत करून द्यायचे, कारण मालकी आता दुसऱ्याकडे आहे. आणि पहिल्याचा करारपूर्तीचा दावा फसला तरी तो अगदी रिकाम्या हाती जातो असे नाही. त्याच्या स्वतःच्या चुकीने व्यवहार मोडलेला नसेल, तर दिलेल्या आगाऊ रकमेपुरता त्याचा जमिनीवर बोजा राहतो, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ (६) (ब) प्रमाणे. ही रक्कम वसूल करताना तो जमिनीपर्यंत येऊ शकतो, म्हणून 'विसार बुडाला तर त्याचा' हे उत्तरही खरेदीदाराला परवडणारे नाही.

या सगळ्यातून खरेदीखतात दोन कलमे येतात. एक, याआधी कोणाशीही लेखी वा तोंडी विक्रीचा करार, विसार, कुलमुखत्यारपत्र केलेले नाही, आणि निघाल्यास संपूर्ण मोबदला व्याजासह परत करण्याची हमी, सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांनी. दोन, मोबदल्याचा काही भाग नोंदणीनंतर चार महिन्यांनी देण्याची अट. नोंदणी अधिनियमाच्या कलम २३ ची चार महिन्यांची खिडकी तोवर बंद झालेली असते. मालक ही दुसरी अट मान्य करायला कुरकुरतो. जो अजिबात ऐकत नाही, त्याच्या गटाचा ई-सर्च जुन्या सर्व्हे नंबरने आणखी एकदा करा. शोधाच्या प्रत्येक पानाचे तारखेसह प्रिंट काढून फाइल ठेवा, सर्वांत शेवटचे प्रिंट दस्त नोंदवायला निघायच्या दिवशी सकाळचे.